साखरेच्या शिवेवर अकरा वर्षं

मला मधुमेह झालेला नाही. हे एवढं एक वाक्य लिहिता यावं म्हणून मी अकरा वर्षं घरात भांडले, गल्लीत भांडले आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेशी भांडले. ज्यांना तो झालाय त्यांना निदान सहानुभूती तरी मिळते. ‘अजून झाला नाही, पण होईल’ असं सांगून डॉक्टर ज्यांना घरी पाठवतात, त्यांना काहीच मिळत नाही. लोकांच्या लेखी आम्ही आजारी नसतोच. आम्ही नाटकं करतो.

ती नाटकं मी कशी केली ते लिहिते आहे. गोडगोड लिहिणार नाही.

तात्यांचा पाय

माझं माहेर जयसिंगपूरचं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांचं भुसारी दुकान होतं, आणि गल्ल्यावर बसून दिवसभर चहा चालायचा, कपात साखर विरघळेपर्यंत नव्हे तर तळाशी उरेपर्यंत. एका उन्हाळ्यात शेतावर गेले असताना त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम राहिली. पंधरा दिवस, महिना, तीन महिने. आईला जखम बघून घेरी यायची, म्हणून पट्टी बदलायचं काम माझ्याकडं आलं. मी सतरा वर्षांची होते.

मिरजेला नेऊन आधी पाऊल काढलं, मग गुडघ्याखालून पाय काढला. त्यानंतर तात्या फार दिवस जगले नाहीत.

मला साप, काळोख, स्मशान कशाचीच भीती वाटत नाही. मला पायाच्या जखमेची भीती वाटते. त्या वासाची वाटते. पुढं मी जे काही केलं, खोटं बोलले तेसुद्धा, त्याच्या मुळाशी तो वास आहे.

दहा पौंडांचं बाळ

बहात्तरचा दुष्काळ सरून दीड-दोन वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी कोल्हापुरात राजारामपुरीत आले होते. पुढं कापडाचं दुकान आणि मागं घर. माझा दुसरा मुलगा जन्मला तो दहा पौंडांचा. नर्सनं कौतुकानं सगळ्या वॉर्डला दाखवला. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, तर आकाश ठेंगणं झालं. ‘पैलवान आलाय की घरात!’ म्हणत त्यांनी पेढे वाटले.

डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. माझ्या खाटेशी येऊन त्यांनी विचारलं, ‘घरात कुणाला साखरेचा आजार?’

‘वडिलांना होता. पाय काढला.’

‘तीन महिन्यांनी तपासणीला यायचं. एवढं मोठं बाळ ही आईच्या साखरेची खूण असू शकते. बाळ गुटगुटीत आहे म्हणून खूश होऊन विसरायचं नाही.’

मी विसरले नाही, पण बाहेर पडायला पाच महिने लागले. तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी गेले. पांढऱ्या पावडरीचं गोडमिट्ट पाणी भरलेला मोठा ग्लास हातात दिला आणि एका दमात प्यायला सांगितलं. मग एका बाकावर बसवलं. अर्ध्या-अर्ध्या तासानं दंडातून रक्त काढायचं आणि लघवीची बाटली भरून द्यायची. लॅबमधला माणूस काचेच्या नळीत निळं औषध घेई, त्यात लघवीचे थेंब टाकी आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरी. निळं राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असा तो रंग चढत जातो, हे मला तात्यांच्या वेळेपासून माहीत होतं. माझ्या पहिल्या नळ्या निळ्या राहिल्या. मग एक हिरवी झाली. शेवटून दुसरी पिवळसर दिसली तेव्हा मी मान फिरवली.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. ‘बॉर्डरवर आहात.’

‘म्हणजे झालाय की नाही?’

‘नाही झालेला.’

‘मग होणार?’

‘बसून राहिलात आणि असंच खात राहिलात तर होणार. पाच वर्षांनी म्हणा, दहा वर्षांनी म्हणा. वजन उतरवलंत, रोज तासभर चाललात, साखर-गूळ सोडलात, भात कमी केलात, तर कदाचित होणार नाही.’

‘कदाचित?’

‘कदाचित. मी खोटं सांगणार नाही. ह्याला गोळी नाही.’

‘किती दिवस करायचं हे?’

‘जिवंत आहात तोपर्यंत.’

मला त्या बाईचा इतका राग आला की जिना उतरताना मी त्यांना मनातल्या मनात नको नको ते बोलले. गोळी दिली असती तर मी ती घरी नेऊन दाखवली असती. आपल्याकडं माणसावर विश्वास नसतो, गोळीवर असतो. मला रिकाम्या हातानं घरी पाठवलं होतं.

तोंड बंद

घरात आम्ही चार मोठी माणसं होतो. मी, माझे यजमान सुकुमार, लग्नाची नणंद सुनंदा आणि आत्याबाई. आत्याबाई तिशीत विधवा झाल्या होत्या. दोन पोरं पदरात घेऊन त्यांनी दुकान टिकवलं होतं, आणि त्याची आठवण त्या रोज करून द्यायच्या. घरात शब्द चाले तो त्यांचा.

दुपारी जेवताना मी सांगितलं.

‘कुठं दुखतंय?’ आत्याबाईंनी विचारलं.

‘कुठंच नाही.’

‘चक्कर येती?’

‘नाही.’

‘मग डॉक्टरीण येडी हाय का तू?’

इथं मी चूक केली. म्हणाले, ‘तात्यांना होता ना, म्हणून मला होऊ शकतो.’

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. ‘व्हय की! तुझ्या बापाचा पाय काढला ते लग्नाच्या टायमाला कुणी सांगितलं आमाला? काटा लागलता म्हणाला तुझा काका. नुसता काटा! माहेरचा रोग बांधून घेऊन आलीस व्हय हितं?’

सुनंदा खाली बघून जेवत राहिली. आत्याबाई थांबल्या नाहीत. ‘हे बघ. ह्या घरात त्या रोगाचं नाव परत काढायचं न्हाय. हिचं लग्न बघायला लागलोय. घरात असला रोग हाय म्हटल्यावर कोण करून घेणार हिला? तुला काय खायचं न्हाय ते खाऊ नगंस, पण बाहेर बोंबलू नगंस.’

मी यजमानांकडं बघितलं. ते हात धुवायला उठले आणि मोरीतूनच म्हणाले, ‘आई म्हणते ते बरोबर आहे. बाहेर बोलू नकोस.’

तेवढंच. माझ्या आजाराचं काय करायचं, ह्यावर आमच्या घरात झालेली पहिली चर्चा ही.

आणि ‘खायचं न्हाय ते खाऊ नगंस’ हेही खोटंच ठरलं. चहाच्या आधणातच साखर पडायची. बिनसाखरेचा माझा वेगळा टाकला तर, ‘रेशनवर साखर मिळंना आणि हिला नको झालीया, बघा थाट!’ आमटीत गूळ, भाजीत गूळ, सणाला पोळी, कुणाकडं कार्य असलं की गव्हाची गोड हुग्गी. नको म्हटलं की वाढणारीचा अपमान. मग चारही बाजूंनी तेच एक वाक्य, ‘एका घासानं काय होतंय?’ मराठीत ह्याच्याइतकं घातकी वाक्य दुसरं नसेल. ते म्हणणारं कुणीही पट्टी बदलायला येत नाही.

आणि मी खात होते. तेही लिहिलं पाहिजे. चिडून खात होते, रडून खात होते, पण खात होते.

नियम

त्या वर्षी चातुर्मासाला आमच्या बस्तीत एक माताजी, म्हणजे साध्वी, उतरल्या होत्या. आम्ही जैन. आमच्यात देवळाला बस्ती म्हणतात. भाद्रपदातल्या पर्वात बायका माताजींसमोर उभ्या राहून नियम घेतात. कुणी दहा दिवस तूप सोडतं, कुणी वर्षभर दही.

माझं आधी काही ठरलेलं नव्हतं. शेजारणीनं एक महिना मीठ सोडलं, तिच्या सासूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, ते मी बघितलं. आणि मी उठले.

‘माताजी, मी साखर आणि गूळ सोडते.’

‘किती दिवसांसाठी?’

‘आजन्म.’

माताजी माझ्याकडं बघत राहिल्या. ‘बाई, आजन्म म्हणजे आजन्म. विचार केलाय?’

‘केलाय.’

‘कशासाठी सोडता?’

तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला, ‘भावना झालीया तिची, माताजी.’ माझ्या वतीनं त्यांनी उत्तर दिलं आणि मी ते देऊ दिलं.

त्या दिवसापासून माझ्या ताटाला कुणी हात लावला नाही. चहा वेगळा, आमटी वेगळी. आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, ‘आमच्या विमलनं आजन्म गोड सोडलंय.’ म्हाताऱ्या बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मी नको नको म्हणत असताना ज्यांनी मला एक वाटी रिकामी ठेवू दिली नाही, त्यांनी पुण्यासाठी माझी आरती ओवाळायचीच तेवढी बाकी ठेवली. मला त्या सगळ्यांची चीड येई. माझी स्वतःचीही येई. मला मोक्ष नको होता, मला पाय हवे होते.

चातुर्मास संपायच्या आत एकदा मी एकटीच माताजींकडं गेले, खरं सांगून टाकायला. अर्धा तास समोर बसले, नमस्कार केला आणि न सांगताच परत आले.

देवाचं आणि दोऱ्याचं निमित्त

साखर सुटली. चालणं राहिलं. तेव्हा आमच्याकडं लग्न झालेली बाई काही कारण नसताना रस्त्यानं भराभरा चालत गेली, तर तिचं कुणाशी तरी भांडण झालं असणार किंवा डोकं फिरलं असणार असं लोक समजत. एकदा टाकाळ्याच्या चढावरून मला खाली-वर जाताना बघून कुणीतरी दुकानात येऊन यजमानांना विचारलं, ‘मालक, घरात सगळं बरं हाय न्हवं?’ त्या संध्याकाळी घरात जे झालं ते लिहीत नाही.

मग मी लांबच्या बस्तीला दर्शनाला जायचा परिपाठ धरला. जवळची सोडून गावातल्या जुन्या बस्तीला, चालत, पहाटे. जाऊन-येऊन तास सव्वा तास. देवाला जाणाऱ्या बाईला कोण अडवणार?

वाटेत रेहानाभाभी भेटल्या. त्या आमच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवायच्या. दिवसभर मशीनवर बसून पायांना सूज यायची. मी रोज एकटीच जाते हे त्यांनी खिडकीतून बघितलं होतं. एके दिवशी रस्त्यातच त्यांनी मला थांबवलं. ‘वैनी, तुम्ही देवाला जाता की चालायला जाता? देवाला जाणारं माणूस एवढं घड्याळ बघत न्हाय.’

मी आधी सटकन काहीतरी खोटं बोलले. त्या हसल्या. मग मी खरं सांगितलं. घराबाहेर ज्यांना खरं सांगितलं अशा त्या पहिल्या. त्यांनी ना हाय हाय केलं, ना कारल्याचा रस सांगितला. म्हणाल्या, ‘मग मीबी येते. मला रीळ आणायचा असतोयच की रोज. तुमचं देवाचं निमित्त, माझं दोऱ्याचं.’

आम्ही दोघी वर्षानुवर्षं चाललो. बहुतेक वेळ सासवांच्या तक्रारी करत. त्यांच्या सासूबाई माझ्या सासूबाईंना पुरून उरल्या असत्या. मी बस्तीत जायची, त्या बाहेर कट्ट्यावर चपला राखत बसायच्या, मग परत. त्या नसत्या तर मी दोन महिन्यांत चालणं सोडलं असतं.

डबा

वर्षानं दुसरी तपासणी झाली. मी ऐटीत गेले होते. नारिंगी! मागच्या वेळी पिवळसर होती ती नळी नारिंगी झाली.

डॉक्टरीणबाई भडकल्या. ‘साखर सोडली म्हणता ना? मग हे काय? काय खाता ते सगळं सांगा. लपवू नका.’

सांगितलं. गोड सुटल्याची भरपाई मी भातानं करत होते. डोंगर करून भात, वर शेंगदाणे, चकल्या, भडंग. वजन पाच पौंडांनी वाढलं होतं. आणि न सांगितलेलंही एक होतं, ते आज सांगते. घरात कुणी नसलं की मी माजघरातल्या गुळाच्या डब्याशी उभी राहायची. खडा तोंडात टाकायची, डब्याचं झाकण पुसायची आणि बाहेर यायची. आजन्म नियम घेतलेली बाई. पाया पडून घेणारी बाई.

‘भात म्हणजे पोटात गेल्यावर साखरच,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘एक लहान वाटी. बाकी जोंधळ्याची भाकरी, भाजी, डाळ. तुम्ही आता शिवेवर नाही, पलीकडं पाय टाकताय.’

त्या दिवशी घरी येऊन मी गुळाचा डबा आत्याबाईंच्या खोलीत ठेवला. ‘तुमच्याजवळ राहू दे’ म्हटलं. त्यांना तो मान वाटला. मी काय केलं हे मला खूप वर्षांनी कळलं.

पळी

भाताला नियमाचं कवच नव्हतं. आत्याबाई वाढायच्या आणि त्यांच्या हाताला माप ठाऊक नव्हतं. ‘भाताशिवाय का जेवण असतंय? आजारी पडशील.’ आजारी पडशील! अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडं हिरवी भाजी चालत नाही, त्या दिवशी तर ताटात नुसता पांढरा ढीग.

अशाच एका चतुर्दशीला त्यांनी दुसऱ्यांदा भात टाकला. मी नको म्हटलं. त्यांनी त्यावर ओतायला चुलीवरच्या पातेल्यातली आमटी पळीत घेतली. मी ताटावर हात धरला आणि म्हणाले, ‘पुरे म्हटलं ना!’

पळी माझ्या हातावर आली. उकळती.

मुद्दाम की चुकून, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनाही ठाऊक नसेल. सुनंदा गार पाणी घेऊन धावली. यजमान घास हातात धरून बसले होते. आत्याबाई म्हणाल्या, ‘हात काढाय काय झालतं तुला?’

डाव्या हाताच्या पाठीवर मोठा फोड आला, दुसऱ्या दिवशी फुटला आणि खाली लाल ओली जखम उघडी पडली. त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना. तात्यांचीही सुरुवात अशीच झाली होती, एका जखमेनं. रोज सकाळी पट्टी सोडून मी खिडकीच्या उजेडात हात धरायची आणि वास घ्यायची. मुलाला मांडीवर घेतलं तरी नाक त्या हाताकडं. चार दिवस काही फरक नाही. सहाव्या दिवशी कडेला पिवळं दिसलं. मी मनाशी मिरज ठरवूनसुद्धा टाकलं.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. कडेनं नवी गुलाबी कातडी आली होती. ‘बघा, भरतेय,’ त्या म्हणाल्या. ‘वडिलांची भरत नव्हती ना? तुमची भरतेय. एवढाच फरक आहे, आणि तोच टिकवायचा आहे.’

मी तिथं टेबलावर डोकं टेकून रडले. त्या बाईनं मला रडू दिलं, बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी संपला.

घरी दुपारी आत्याबाई वाढायला बसल्या तेव्हा यजमानांनी त्यांच्या हातातून पळी काढून माझ्यासमोर ठेवली. ‘हिचं हिला वाढून घेऊ दे,’ ते म्हणाले. आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवल्या, पण महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या एका वाक्यासाठी मी नवऱ्याचे उपकार मानावेत असं लोकांना वाटतं. मी मानत नाही. त्यांना ते बोलायला दीड वर्ष लागलं आणि माझा हात भाजावा लागला.

पण त्यानंतर माझं ताट माझं झालं. भूक लागायची, सारखी लागायची, आणि मी चिडकी झाले होते. पोरांवर विनाकारण ओरडायची. ही चिडचिड कुणी आधी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवते. काही महिन्यांनी ती उतरते. वजन त्याहून हळू उतरलं, दोन वर्षांत वीसेक पौंड. तिसऱ्या तपासणीला लॅबमधल्या त्या माणसानं शेवटची नळी उजेडात धरली आणि म्हणाला, ‘निळं हाय, बाई.’ पुढं दरवर्षी मी जात राहिले. एक-दोनदा हिरवट झाली, तेव्हा चालणं वाढवलं. पुढं गेली नाही.

आत्याबाईंचा पाय

सुनंदाचं लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली. आणखी काही वर्षं गेली. गेल्याच्या गेल्या साली आत्याबाईंच्या पायाला कुरूप झालं. नव्या चपलेनं घासलं असेल. त्यांनी ते दाढीच्या ब्लेडनं घरीच कापलं आणि तेल-हळद लावून वर फडकं बांधलं. मला काहीच सांगितलं नाही.

एके दिवशी त्यांची खोली झाडताना मी थांबले. वास. वीस वर्षांत नाकात आला नव्हता तो वास.

‘आत्याबाई, पाय दाखवा.’

‘काय न्हाय पायाला. तू झाड.’

‘दाखवा म्हणते ना!’

मी खाली बसून घोटा धरला, त्यांनी पाय ओढला, मी सोडला नाही. फडकं निघालं. शेवटची दोन बोटं काळी पडली होती.

‘तुझ्या माहेरचा रोग मला कसा हुईल?’ रिक्षात बसेपर्यंत त्या हेच म्हणत होत्या. लॅबमध्ये नळी दिव्यावर धरली न धरली तोच विटकरी झाली.

सतरा दिवस दवाखाना. दोन बोटं काढली. सकाळी सहाला इन्सुलिनची सुई, मग चहा, मग मलमपट्टीची गाडी यायची आणि त्या गाडीच्या चाकांचा आवाज आला की आत्याबाई माझं मनगट पकडायच्या. माणूस नावडतं असलं तरी त्याच्या हाताला घाम सुटलेला कळतो. मी हात तसाच ठेवायची. काचेची सिरिंज उकळायची कशी, सुई मांडीत द्यायची कशी, ते नर्सनं मला शिकवलं. भेटायला आलेल्या एका नातलगानं पेढ्याचा पुडा आणला. मी तो त्यांच्यासमोर खिडकीतून बाहेर टाकला. ‘फार तोंड सुटलंय सुनंचं’ म्हणत ते गेले. गेले तर गेले.

नवव्या दिवशी पट्टी झाल्यावर आत्याबाई छताकडं बघत म्हणाल्या, ‘तुला ठाव होतं.’

‘काय?’

‘काय खायाचं, काय न्हाय. सगळं ठाव होतं तुला. देवाचं नाव घेऊन सोताला वाचवलंस. मला सांगितलं न्हाईस.’

माझं डोकंच फिरलं. ‘सांगितलं होतं. तुम्हीच तोंड बंद केलंत माझं!’

‘एकदा सांगितलंस. नाव काढू नगंस म्हटल्यावर गप बसलीस. एवढी वर्सं माझ्यासमोर बसून भाकरी खाल्लीस. मी गुळाचा खडा चघळत हुते ते बघत बसलीस. डबाबी माझ्याच उशाला आणून ठेवलास.’

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडं बघायला लागली. मी बघत होते हे खरं होतं. आणि कधी कधी, आता लिहितेच आहे तर हेही लिहिते, मला बरं वाटून मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांना हाताला धरून तपासणीला नेलं. बॉर्डरवर. सुनंदाला पत्र टाकलं, तिनंही करून घेतली. तिची निळी निघाली.

मोठ्यानं

ह्या वर्षीच्या भाद्रपदात बस्तीत बायका नियम घेत होत्या. सगळ्यांचं झाल्यावर मी उभी राहिले. मी म्हणाले, ‘मी साखर सोडली ती धर्मासाठी नाही. मला साखरेचा आजार होणार होता, म्हणून. माझ्या वडिलांचा पाय त्यात गेला. मी ते लपवलं, आणि सुरुवातीला नियम चोरून मोडलाही. लपवलं म्हणून माझ्या सासूबाईंची दोन बोटं गेली. तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल, कुणाला मोठं बाळ झालं असेल, तर तपासून घ्या. आजार व्हायच्या आधी तो थांबवता येतो. नेहमी नाही, पण येतो.’

एक बाई म्हणाली, ‘माताजींसमोर खोटं बोललीस? अगं पाया पडलो की तुझ्या आम्ही!’ दुसरी म्हणाली, ‘सासूची बोटं घालवली, आता पाप धुवायला आलीया.’ मी खाली बसले तेव्हा शेजारची जरा सरकून बसली. घरी आल्यावर आत्याबाईंना ते कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या. सुई मात्र रोज माझ्याकडूनच घेत होत्या, पाय पुढं करून, भिंतीकडं बघत.

तीन आठवड्यांनी दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. बस्तीत मागं बसणारी एक बाई होती, माझ्याहून लहान. पदराआड लघवीच्या नमुन्यासाठी आणलेली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली.

‘वैनी,’ ती कुजबुजली, ‘कुणाला सांगू नका हं. पण हे कुठं तपासत्यात?’

मला तिची दया आली नाही. रागच आला. मी दार सताड उघडलं. ‘मोठ्यानं विचार.’

‘अहो, कुणी ऐकंल…’

‘ऐकू दे. मोठ्यानं विचारलंस तर सांगते.’

तिनं गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं. पदर सारखा केला. आणि थोडं वर आवाज काढून विचारलं, ‘साखर कुठं तपासत्यात?’

मी पत्ता सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्याबाई ओरडल्या, माझ्याशी नाही, तिच्याशी, ‘सकाळी उपाशीपोटी जा! आणि एकटी जाऊ नगंस, घरातल्या समद्यांना घेऊन जा!’